जर्मन दगडातलं पाखरू

"अगं बाई... दगडात हाड हाय!"

भिवरा हे कोणाला उद्देशून बोलली नव्हती. पण छापखान्याच्या पडवीत त्या वेळी दोनच माणसं होती आणि त्यांतलं दुसरं रांजणापाशी पाणी पीत होतं. धर्मराज मुन्शीनं तांब्या तोंडाजवळ तसाच धरला. हैदराबादेहून येऊन त्याला तीन आठवडे झाले होते. एवढ्या काळात त्या दोघांमध्ये झालेलं एकूण संभाषण म्हणजे 'जरा सरका' आणि 'सरकले'.

सुंदररावांचा छापखाना बीडात बिंदुसरेच्या काठी होता. शिळाछाप. म्हणजे खिळे जुळवायची भानगड नाही. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईनं उलटं लिहायचं आणि कागद दाबून सुलटं काढायचं. उलटं लिहायला मुन्शी, आणि छपाई झाल्यावर लिहिलेलं पुसायला भिवरा. पुसायचं म्हणजे दोन दगड तोंडाला तोंड लावायचे, मध्ये वाळू आणि पाणी घालायचं आणि जात्यासारखे फिरवायचे. मजकूर जाई, आणि त्याच्याबरोबर दगडाचा केसभर थरही जाई. हे दगड जर्मनीहून येत. दोन वर्षांपूर्वी जर्मनीनं लढाई काढली. ती मुख्यतः आपला छापखाना बुडवण्यासाठीच काढली आहे, असं सुंदररावांचं ठाम मत होतं. नवे दगड बंद झाले, जुनेच घासून घासून पाटासारखे पातळ होत चालले, आणि त्यात हे हाड निघालं.

धर्मराज धोतर सावरून उकिडवा बसला. भिवरेनं ओंजळभर पाणी टाकून पांढरा लगदा सारला. पिवळट दगडात काडीएवढी तपकिरी रेघ होती, दोन ठिकाणी सांधलेली.

"एवढंसं दिसलं कसं तुम्हाला?"

"दिसलं न्हाई. हाताला लागलं. दगूड नीट फिरत हुता, मधीच खडा आल्यावानी झालं. कोंबडीचं हाय का?"

"कोंबडीचं..." तो इतका वाकला की त्याची टोपी लगद्यात पडली. ती त्यानं उचललीच नाही. "नाही. कोंबडीच्याही खूप आधीचं आहे. यावर आता वाळू घालू नका."

"मालक बोलतील."

"मालकांना मी सांगतो."

आयुष्यात आपणहून अंगावर घेतलेली त्याची ही पहिली जबाबदारी. तीही दगडाची होती म्हणून निभली. सुंदरराव आले, त्यांनी चश्मा चढवून पाहिलं आणि विचारलं, "मुन्शी, ह्याचं काय करू? रस्सा?" मग त्यांनी निकाल दिला. कचेरीचे हजार फार्म याच मोठ्या दगडावर छापायचे होते, पण कागद अजून जालन्याहून यायचा होता. तो येईस्तोवर हाड राहील. कागद आला की दगड साफ.

त्या दिवसापासून दुपारी सुंदरराव घोरू लागले की दोघं दगडाशी बसत. धर्मराज दाभणानं कणकण खरवडी आणि भिवरा कापसाच्या बोळ्यानं पाणी सोडी. मार्गशीर्षातलं पाणी, हाताला दंश करणारं. तिच्या बोटांना भेगा पडलेल्या होत्या आणि त्यांत दगडाची पांढरी पूड कायमची बसलेली. त्या हातांकडे आजवर कोणी दोनदा पाहिलं नव्हतं. अकराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी वैधव्य. नवऱ्याचा चेहरा तिला नीट आठवत नव्हता. सासूचा आठवत होता, तेवढं पुरे होतं. आता ती वीस वर्षांची होती आणि आश्रुबाच्या, म्हणजे भावाच्या, घरी राहत होती.

धर्मराज युसूफ वडगावचा, घरची पंचवीस एकर जमीन. बापानं हैदराबादेला कॉलेजात धाडला, तर हा पहिल्यांदा नापास झाला तो तर्कशास्त्राऐवजी असल्याच जनावरांची पुस्तकं वाचून. दुसऱ्यांदा नापास झाला तो पहिल्यांदा झाल्याच्या धसक्यानं. अक्षर मात्र असं की मोत्यांनी लाजावं.

आठवडाभरात दगडातून डोकं वर आलं. चिमट्यासारखं लांब, दातेरी.

"हा उडायचा," तो म्हणाला.

"ह्यो? तोंड तर सरड्याचं हाय."

"सरड्याच्याच भाऊबंदांतला. पाखरं जन्मली त्याच्या आधीपासून उडत होता."

"आन पंख?"

"कातडीचे होते, कुजून गेले. पण हे पाहा... हे बोट. चौथं. बाकीची तीन इवलीशी, नख्यांपुरती. आणि हे एकटं सगळ्या अंगाहून लांब. याच्या टोकापासून थेट मांडीपर्यंत कातडी ताणलेली असायची."

"म्हंजी वटवाघूळच की."

"वटवाघूळ चार बोटांवर ताणतं. हा एकाच."

"एका बोटावर समदा जीव?" भिवरेनं मान तिरपी केली. "कोणचं म्हणालात?"

दाखवण्यासाठी त्याचा हात तिच्या हाताकडे गेला... आणि अर्ध्या वाटेवरून वळून स्वतःच्याच हातावर आला. भिवरेनं ते पाहिलं. तिच्या नजरेतून असली गोष्ट सुटत नसे.

"तुमचं बोट शाईनं काळं झालंय, मुन्शी. कायबी दिसंना. माज्यावर दाखवा."

त्यानं तिचं करंगळीशेजारचं बोट धरलं. शास्त्रीय माहितीला जितका वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ धरलं. आत सुंदररावांचं घोरणं थांबलं तेव्हा दोघांनी एकदमच दगडावर पाणी ओतलं.

मग रोज काही ना काही निघे. हाडं बोरूसारखी पोकळ, म्हणून अंग हलकं. खाणं मासळीचं, पाण्यालगत उडता उडता टिपलेलं. अंडी घालायचा की पिल्लं, ते अजून कोणाला सापडलं नाही. अंगावर लव होती म्हणतात. जमिनीवर मात्र हाल. पंख मिटून म्हाताऱ्यासारखा चारी हातापायांवर चालायचा.

"आन चालता चालता उडायचा कसा?"

"काही विद्वानांच्या मते उडताच यायचं नाही. कड्यावर चढायचं आणि वाऱ्यात अंग सोडून द्यायचं."

"कड्यावर ग्येल्यावर भ्या वाटलं तर?"

"वाटत नसणार. विचार करण्याइतकं डोकं नव्हतं."

"बरं हुतं त्येचं," भिवरा म्हणाली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मेला कसा ह्यो?"

"वादळात पाण्यात पडला असेल. तळाचं पाणी खारट, निपचित. तिथं काही जगत नव्हतं. खायलासुद्धा कोणी आलं नाही, म्हणून तर अख्खा राहिला."

"म्हंजी रडायला बी कोणी न्हाई."

त्यावर पुस्तकांत काही लिहिलेलं नसल्यामुळे धर्मराज पुन्हा दाभण चालवू लागला.

एका दुपारी तिनं बोळा पिळता पिळता सांगून टाकलं.

"मला चकलांब्याचं ठिकाण आलंय. त्रिंबक नावाचा बिजवर हाय. दोन लेकरं. माणूस वाईट न्हाई म्हणतेत."

दाभण थांबलं नाही. "मग?"

"मग काय? तुमाला सांगितलं. येळवशीच्या आदी भाऊ पाट लावणार." येळवस, म्हणजे शेतात जेवायला जायची ती अमावस्या, नऊ दिवसांवर होती. "दुसऱ्या कोणी इचारलं तर गोष्ट येगळी."

"दुसरं कोण विचारणार?"

"त्येच म्हणते मी बी."

आता दाभण थांबलं. छपरावरची चिमणी, आतलं घोरणं, नदीवरचे धोपटण्याचे आवाज... सगळं फार मोठ्यानं ऐकू येऊ लागलं.

"मी... समजा, मी विचारलं तर?"

"मला कावून इचारता? भावाला इचारा," ती बोळ्याकडे बघत म्हणाली. "माजं इचारून झालं."

बिरादरी एकच होती. त्या दोघांच्या वाट्याला आलेली ही एवढीच सोपी गोष्ट. आश्रुबानं धर्मराजला सुपारी दिली, घोंगडी टाकली आणि मग डोकं खाजवलं.

"पाव्हणं, माजी हरकत न्हाई. पण तुमी कोरं, बिनलग्नाचं. कोऱ्या गड्याचा इधवेशी पाट लागत न्हाई. आदी तुमाला बिजवर व्हावं लागंल."

"ते कसं?"

"रुईसंगं लगीन लावायचं. झाडाला मुंडावळ्या, तुमाला मुंडावळ्या, भट चार अक्षता टाकतो. मग रुई उपटायची. बायकू मेली, तुमी बिजवर झालात. त्याच सांजंला पाट. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, लई वखूत लागत न्हाई."

धर्मराज दुसऱ्या दिवशी छापखान्यात आला तो कपाळाला आठ्या घालून.

"झाडाला मुंडावळ्या बांधायच्या?"

"हां."

"नदीकाठी? उघड्यावर?"

"रुई घरात कोण लावतं, मुन्शी?"

"लोक बघतील."

"बघतीलच की. वाजंत्री न्हाई लावत आमी."

"पण भिवराबाई, हे कुठल्याच शास्त्रात..."

"कोणच्या शास्त्रात? पाखराच्या?"

तो हसला. मोकळा हसला, पहिल्यांदाच. "येतो," म्हणाला. "गुरुवारी सकाळी. बांधतो मुंडावळ्या. हळदसुद्धा लावा हवी तर." आणि त्यानं स्वतःहून तिचं ते बोट धरलं. या वेळी माहिती देण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, तरी धरलं. भिवरा त्या दिवशी घरी गेली ती वाटेत दोनदा ठेचकाळून, आणि दोन्ही वेळा हसून.

गुरुवारी ती छापखान्यात होती. नवऱ्याच्या पहिल्या लग्नाला दुसऱ्या बायकोनं हजर राहायची रीत नाही. दोन छोटे दगड घेऊन ती फिरवत बसली. त्यांवरचा मजकूर कधीच गेला होता, तरी फिरवत राहिली.

ऊन पडवीच्या तिसऱ्या खांबापर्यंत आलं तेव्हा आश्रुबा आला. हातात हळदीचं ताट होतं, आणि ताटात मुंडावळ्यांच्या दोन जोड्या.

"आला न्हाई?"

"आलता. बांधल्या बी." आश्रुबा खाली बसला. "भटानं अक्षता घेतल्या अन् कचेरीतले दोन कारकून नदीवरून चाललेले, ते थांबले. एक म्हणाला, 'मुन्शीजी, दुल्हन तो बडी हरी-भरी है!' एवढंच. ह्यो लाल झाला. मुंडावळ्या सोडल्या, माज्या हातात दिल्या आन म्हणाला, उद्या बघू."

"उद्या येळवस."

"त्येच म्हणलं मी. तर चालाया लागला." आश्रुबानं ताट बाजूला सरकवलं. "त्रिंबकाचा माणूस घरी बसलाय, भिवरे. मी त्याला काय सांगू?"

दोन कारकून. त्यातल्या एकाला समोरचे दातही नव्हते. भिवरा हात धूत राहिली, धुऊन झाल्यावरही धूत राहिली.

"सांजंपतूर थांबीव त्याला," ती म्हणाली.

आश्रुबा गेला, आणि आतून सुंदररावांची हाक आली. "भिवरे! जालन्याचा कागद आला. मोठा दगड घे घासायला."

तिनं मुदत मागितली नाही. वाळू घातली, पाणी घातलं, वरचा दगड ठेवला. आधी बरगड्या गेल्या, मग दातेरी तोंड. ते लांब बोट खोलवर होतं. ते जाईपर्यंत दुपार कलली. पांढरं पाणी मोरीतून बिंदुसरेकडे निघून गेलं.

मग धर्मराज आला. भांग पाडलेला, काखेत वळकटी.

"भिवरा," तो हळूच म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नुसतं भिवरा. "जालन्याचा टांगा आहे संध्याकाळच्या आधी. तिथून रेल्वे. तू चल. हैदराबादेत आपल्याला कोणी ओळखत नाही. रुई नको, पाट नको, काही नको."

"तिथं मी कोण?"

"म्हणजे?"

"शेजारणीनं इचारलं, ही कोण, तर काय सांगाल?"

तो खांबाकडे बघू लागला. "सांगू... काहीतरी."

"मुन्शी आला का?" सुंदरराव आतून ओरडले. "जायचं तिकडं जा, पण आधी फार्म लिहून दे! उद्या कचेरीत द्यायचाय!"

"लिवा आदी," भिवरा म्हणाली. "मग सांगते."

तो बसला, आणि त्याला दगड दिसला. कोरा, पिवळट, ताटासारखा सपाट. त्यानं तळवा फिरवून पाहिला.

"घासलंस?"

"घासलं."

मग लेखणी शाईत बुडवून त्यानं पहिली ओळ धरली.

भिवरा पाण्याचं भांडं घेऊन शेजारी उभी राहिली. कचेरीचा फार्म उर्दूत. उर्दू तिला वाचता येत नव्हतं आणि उलटं तर कोणालाच येत नाही. पण हललेली रेघ ओळखायला वाचता यावं लागत नाही, आणि तिला एकच रेघ हवी होती. एखादा वळसा थरथरलेला, एखादा ठिपका जागा चुकलेला. तेवढ्यावर ती टांग्यात बसली असती. पाट नसता, नाव नसतं, शेजारणीला सांगायला शब्द नसता, तरी बसली असती. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. भांडं तेवढं दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

दुसरी ओळ झाली. पाचवी झाली. पाखरू पडलं होतं त्याच्या बरोबर मधून सातवी ओळ गेली, सुतात धरल्यासारखी सरळ. तो श्वास रोखून लिहीत होता, नेहमी लिही तसाच. मान झुकलेली, ओठ दाबलेले, मन लावलेलं. असा देखणा फार्म बीड जिल्ह्यात पुन्हा कोणी लिहिला नाही, असं सुंदरराव पुढे कितीतरी वर्षं सांगत.

शेवटचा ठिपका टेकवून त्यानं लेखणी पुसली आणि मान वर केली.

"झालं. आता सांग."

भिवरेनं दगडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा एकदा पाहून घेतलं.

"जावा तुमी," ती म्हणाली. "टांगा निघंल."