रव्याच्या रांगेतली रिकामी जागा

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला पटत नसेल त्याने आमच्या तियारेत गावी यावं, रव्याच्या जुन्या गोदामासमोर भिंतीला लागून थोडा वेळ उभं राहावं, आणि मग मला खोटारडी म्हणावं.

जिच्याबाबत हे घडलं ती माझ्या आईची सख्खी थोरली बहीण. यामिनाखाला.

आणि आधीच सांगते. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, घर ओसाड नव्हतं. करोनाचं पहिलं वर्ष होतं, रमजान तोंडावर आला होता, आणि हे घडलं ते भर सकाळी, लख्ख उन्हात...

सगळ्या रांगेच्या देखत.

यामिनाखालाने निम्मं आयुष्य बायकांचं हमाम, म्हणजे गावाचं न्हाणीघर, सांभाळण्यात घालवलं. दाराशी बसायची, साबण आणि पंचे द्यायची, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकीला डोळ्यांनी तोलायची. "या गावातली प्रत्येक बाई मी नागडी पाहिलीय," असं ती म्हणायची. "मला कोण काय शहाणपण शिकवणार?"

करोना आला आणि हमामला कुलूप लागलं. मग खाला खिडकीशी बसायला लागली.

खिडकीतून तिला सगळं गाव मूर्ख दिसायचं.

कोणी मास्क हनुवटीखाली लावून फिरायचा. खाला म्हणायची, बघा, तोंडाचा लंगोट सुटलाय. कोणी हातात खोकायचा आणि त्याच हाताने टोमॅटो दाबून बघायचा. खालच्या मजल्यावरची तुर्किया रोज संध्याकाळी जिन्यात हरमलच्या बियांची धुरी करायची, रोगराई पळावी म्हणून. खाला वरून ओरडायची, "अजून थोडं टाक गं. रोग खोकून खोकून मरेल."

तिच्या स्वतःच्या घरात मात्र शिस्त होती. भाजी आली की ब्लीचच्या पाण्यात. बटाट्यांनासुद्धा हमामच्या फरशीचा वास यायचा.

हसण्यासारखं होतं, पण कारणही होतं. तिचा नवरा, लारबीकाका. सिमेंटच्या कारखान्यात जन्म गेलेला. झोपला की त्याच्या छातीतून गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज यायचा. डॉक्टरने स्पष्ट सांगितलं होतं, याला हा आजार झाला तर आशा धरू नका. खालाला स्वतःला साखरेचा आजार. मुलगा दूर ओरान शहरात, आणि रस्ते बंद.

त्यात घरातला रवा संपला.

गव्हाच्या मुलखात रवा मिळेना. लोकांनी पोती घरात कोंबली होती. भट्टीचा पाव खाला घरात येऊ देत नव्हती, कारण तो किती हातांतून येतो ते तिने खिडकीतून पाहिलं होतं. ती रव्याची भाकरी स्वतःच्या हाताने थापायची, तीच काका खायचा.

आता एक तर पाव आणायचा, नाही तर रांगेत जायचं. पावात किती धोका, रांगेत किती, तिचा जीव किती, काकाचा किती... दोन दिवस ती हाच विचार करत होती. तुर्किया म्हणाली, मी माझ्यासोबत तुझाही आणते. खालाने नाक मुरडलं. तुर्कियाच्या घरून येणारं पोतं म्हणजे तिच्या साऱ्या दिरांच्या शिंका बांधून आणलेल्या, असं तिचं म्हणणं.

काका म्हणाला, "पावच आण. पावाने कोणी मरत नाही."

"तू मरशील," खाला म्हणाली. "तुझं काय जातंय? मागे मला राहायचंय."

आणि ती निघाली. तोंडावर दोन मास्क, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर काकाचा कारखान्यातला चष्मा.

गोदामाच्या बाहेर नगरपालिकेने चुन्याने वर्तुळं काढली होती. एका वर्तुळात एक माणूस. एक पुढे गेला की मागचे सगळे एकेक वर्तुळ पुढे सरकायचे. खालाच्या समोर दोघी बायका एकाच वर्तुळात उभ्या राहून गप्पा मारत होत्या. पुढे एक म्हातारा मास्क वर करून तपकीर ओढत होता. मागे एक दाढीवाला, हिरवी लोकरी टोपी घातलेला, सारखा घसा खाकरत होता.

मेंढरं, ती मनात म्हणाली. रव्यासाठी मरणारी मेंढरं.

रांग सरकत भिंतीच्या कोपऱ्याशी आली. तिथे विटांनी बुजवलेली एक खिडकी आहे. त्या खिडकीखालचं वर्तुळ...

रिकामं होतं.

आधी तिला वाटलं, पुढच्याचं लक्ष नाही. मग तिने पाहिलं. तपकीरवाला म्हातारा त्या वर्तुळाच्या अलीकडे थांबला. पलीकडचं मोकळं झाल्यावर वळसा घालून तिकडे गेला. गप्पा मारणाऱ्या बायकांनीही तेच केलं. तेवढ्या वेळापुरतं त्यांचं तोंडसुद्धा बंद होतं.

बाकीची वर्तुळं पायांखाली पुसट झाली होती.

या एकाचा चुना अगदी ताजा होता. जसा आत्ताच ओढलेला...

खालाची पाळी आली. ती पाय उचलणार, तोच मागचा दाढीवाला, वडीलधाऱ्या बाईला हाक मारावी तसा, हळू आवाजात म्हणाला, "हाज्जा, ती जागा सोडून पुढे जा."

"का? तुझ्या बापाने राखून ठेवलीय?"

"तिथे कोणी उभं राहत नाही."

"का राहत नाही?"

"नाही राहत," तो म्हणाला. "एवढंच."

खालाने त्याला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. मग त्याला सुनावलं, की खऱ्या आजाराला तुम्ही लोक भीत नाही, तोंड उघडं टाकून हिंडता, आणि जमिनीवरच्या चुन्याला भिता.

आणि ती वर्तुळात जाऊन उभी राहिली.

काहीच झालं नाही.

तिने वळून दाढीवाल्याकडे पाहिलं, काही तरी झोंबणारं बोलायला.

तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिच्या आरपार, पुढच्या वर्तुळाकडे बघत होता.

मग तिला जाणवलं... गलका थांबलाय. माणसांची तोंडं हलत होती, गोदामाचं लोखंडी दार उघडत-मिटत होतं, पण आवाज नव्हता. एकच आवाज होता.

श्वासाचा.

जड. ओला. मास्कच्या आतून येतो तसा.

माझाच आहे, तिने स्वतःला सांगितलं. दोन मास्कांचा परिणाम. खात्री करायला तिने श्वास रोखून धरला.

आवाज चालूच राहिला...

अगदी डाव्या कानाशी.

तिने मान वळवली. भिंत. विटांनी बुजवलेली खिडकी. बाकी कोणी नाही.

तेवढ्यात पुढचं वर्तुळ मोकळं झालं. खाला पाऊल टाकणार, तर दाढीवाला तिच्या बाजूने वळसा घालून तिथे जाऊन उभा राहिला. खाला भडकली. आंधळा आहेस का, रांग कळत नाही का, असं बरंच बोलली. तो समोर बघत राहिला. त्याच्या मागची बाईही तशीच वळसा घालून गेली. तिच्या मागचा माणूसही.

कोणी ढकललं नाही. कोणी हसलं नाही. तिची जागा मारायला कोणी टपलेलं नव्हतं.

त्यांच्या लेखी तिथे कोणी नव्हतंच.

जी बाई महिनाभर कोणाला हात लावायला तयार नव्हती, तिने जाणाऱ्या एका बाईचा दंड घट्ट पकडला. त्या बाईने अंग चोरलं, ओढणी आवळली, आणि मागच्याला काही तरी सांगितलं. तिचा मास्क हनुवटीखाली होता, ओठांवरून खालाला कळलं.

गार वारा सुटलाय, असं ती म्हणाली होती.

आता खालाला रवा नको होता. रांग नको होती. तिला घरी जायचं होतं. ती वर्तुळाबाहेर पाय टाकायला गेली...

पाय उचलला जात होता. पुढे पडत नव्हता. उचलायचा आणि पुन्हा तिथेच.

ऊन भिंतीवरून सरकलं. समोरच्या मशिदीच्या मिनारावरचा कर्णा थरथरताना तिला दिसला, म्हणजे दुपारची बांग झाली होती. तिला ती ऐकू आली नाही. आपण सकाळी आलो होतो, एवढं तिला आठवलं. काका औषधाच्या वेळेला तिची वाट बघत असणार. तो हाक मारेल, मग खोकेल, मग तोंड उघडं टाकून तिला शोधायला बाहेर पडेल, या गर्दीत येईल, आणि तिच्या शेजारून वळसा घालून निघून जाईल.

तेव्हा मात्र तिला रडू आलं. चष्म्याच्या आत.

आणि डाव्या कानाशी तो श्वास थांबला.

कोणी तरी खोकलं.

मग एका बाईचा आवाज आला. थकलेला, साधा. बाजारात बोलतात तसा.

"सरक जरा. दोघींना पुरेल जागा."

खाला सांगते, त्या आवाजात राग नव्हता. म्हणूनच तिचं रक्त गोठलं.

ती सरकली नाही. तरी तिच्या खांद्याला खांदा लागला...

थंड. बंद पडलेल्या हमामच्या भिंतीसारखा.

त्याच वेळी समोर तुर्किया आली. हातात पिशवी, मास्क वाकडा, ओठ पुटपुटत होते. जिला खाला सगळ्यात जास्त हसली होती ती. तीही आता वळसा घालून जाणार, हे खालाला दिसत होतं. तिने हाका मारल्या, हात हलवले. तुर्कियाची नजर तिच्यावरून भिंतीकडे गेली.

पण तुर्किया वळसा घालायच्या आधी थांबली.

रिकाम्या वर्तुळाकडे बघून तिने छातीवर हात ठेवला, आणि शेजारणीला म्हणावं तसं म्हणाली,

"अस्सलामु अलैकुम, बहिणी."

हे मात्र खालाला ऐकू आलं. स्वच्छ.

सलामाला उत्तर द्यायचंच असतं. लहानपणापासून लागलेली सवय. घाबरलेल्या माणसाच्या तोंडूनही ते येतंच.

"वअलैकुम सलाम," खाला म्हणाली.

तुर्कियाच्या हातातली पिशवी गळून पडली.

गलका एकदम परत आला. दाराचा खणखणाट, माणसांची भांडणं, कोणाचं तरी खाकरणं. तुर्किया तिच्याकडे डोळे फाडून बघत होती, आणि मागून एक माणूस वैतागून म्हणाला, "हाज्जा, मध्ये घुसू नका. आम्ही काय इथे मजा बघायला उभे आहोत?"

खालाने तुर्कियाकडे हात पुढे केला.

तुर्कियाने तिचा हात धरून तिला बाहेर ओढलं. पाय निघाला. खालाने तो हात सोडवून घेतला नाही. गोदामाच्या पायरीवर दोघी बसल्या, तुर्कियाने आपला रवा घेतला, आणि घरी आल्यावर त्यातला निम्मा खालाच्या भांड्यात ओतला. खालाने त्या रात्री त्याचीच भाकरी केली. काकाने खाल्ली. कोणी आजारी पडलं नाही. काका अजून आहे, त्याची बिजागरीही अजून वाजते.

ती जागा कोणाची, याची चौकशी नंतर पुष्कळ झाली. कोणी म्हणालं, पहिल्या आठवड्यात एक खेड्यातली बाई तिथे खोकत होती, लोकांनी तिला रांगेतून हाकललं. कोणी म्हणालं, हाकललं नाही, ती तिथेच बसली आणि संध्याकाळपर्यंत कोणी जवळ गेलं नाही. कोणी म्हणालं, अशी बाई कधी नव्हतीच. नाव कोणालाच माहीत नाही. खाला म्हणते, या गावाला मेलेली बाईसुद्धा धड ओळखता येत नाही.

म्हणजे जीभ तशीच आहे. हमाम उघडलं, ती पुन्हा दाराशी बसते, पुन्हा नाकं मुरडते.

फक्त एक बदललंय. आत येणाऱ्या बाईला ती सलाम करते, आणि उत्तर यायला जरा उशीर झाला तर तिचा चेहरा पांढरा पडतो. मग ती पुन्हा सलाम करते. मोठ्याने.

आता एक गोष्ट, जी खालाला आम्ही कोणी सांगितलेली नाही.

तुर्कियाने ती माझ्या आईला सांगितली, आमच्या स्वयंपाकघरात, आवाज खाली आणून. आई म्हणाली, पण तू तर रांगेत गेलीस की दर वेळी त्या जागेला सलाम करायचीस, मग त्या दिवशी उत्तर ऐकून एवढी घाबरलीस का? ओळखीचाच आवाज होता की.

तुर्कियाने उठून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

मग म्हणाली, "यामिनाचा आवाज मी ओळखला गं. पण उत्तर दोघींनी दिलं होतं."

वर्तुळं केव्हाच पुसली गेली. गोदामाला नवा रंग दिलाय. आता तिथे रांग लागत नाही, तरी माणसं त्या बुजवलेल्या खिडकीखालून जाताना थोडा वळसा घेतात. का घेतात ते त्यांनाही माहीत नसेल.

मीही घेते.

जाताना ओठांवर येतं, सलाम म्हणावा. कोणीतरी म्हणायला हवा, असं वाटतं.

पण मी तोंड घट्ट मिटून घेते...

उत्तर आलं तर?