लासूरजवळची कोची

"कोचीला जाऊन पिठलं-भाकरी? पिठलं?" स्वराली इतक्या जोरात किंचाळली, की गॅलरीतलं कबूतर फडफडत उडालं.

"दुसऱ्या दिवशी थालीपीठ, तिसऱ्या दिवशी साबुदाण्याची खिचडी!" चिन्मयनं स्वरालीच्या बाबांच्या मोबाइलवरून सहलीचा बेत वाचून दाखवला. चिन्मय म्हणजे तिचा चुलतभाऊ, सुट्टीला आलेला आणि कायम भुकेला. "म्हणे, मराठी माणसाला घरचं जेवण! मग अप्पम कधी खायचं?"

"अप्पम म्हंजे आपलं आप्पेच ना?" योगिनीनं विचारलं.

"छे गं! कडेनं कुरकुरीत, मधे मऊ मऊ..." चिन्मयच्या तोंडाला पाणी सुटलं.

सुट्टी लागल्यापासून छावणी भागातल्या त्यांच्या घरात कोचीशिवाय दुसरा विषयच नव्हता. जुनं बंदर, पाण्यात उतरणारी अजस्र चिनी जाळी, मिरी-वेलचीच्या वासानं भरलेल्या गल्ल्या! स्वरालीच्या बाबांचं, म्हणजे मधुसूदनरावांचं, एकच पालुपद असे : "घरासारखं सुख नाही." त्यांना स्वरालीनं कसंबसं तयार केलं होतं. मागच्या गल्लीतली तिची वर्गमैत्रीण योगिनीसुद्धा बरोबर येणार होती. दोघींनीही समुद्र फक्त चित्रात पाहिला होता. आज संध्याकाळी बाबा ऑफिसातून परस्पर 'सागरसफर' या सहल कंपनीच्या सत्यमकडे जाऊन सगळं पक्कं करणार होते. मोबाइल मात्र सकाळीच घरी विसरून गेले होते!

"हॉटेल तरी दाखव," योगिनी म्हणाली.

चिन्मयनं फोटो मोठा केला. हिरवळ, पांढऱ्या खुर्च्या, मागे निळंशार पाणी. खाली लिहिलं होतं : 'सागरकिनारी आपलं हॉटेल, कोची.'

योगिनी एकदम पुढे झुकली. "थांब थांब! ह्या कोपऱ्यात बघ. मेंढरं!"

"असतील. कोचीत मेंढ्या नसतात का?"

"असतील की. पर कपाळावर हिरवा टिळा अन् पाठीवर गुलाबी पट्टा? ही आमच्या मामाच्या कळपाची खूण हाय!"

प्रत्येक मेंढपाळ आपल्या कळपाला आपल्या खुणेचा रंग लावतो, म्हणजे दुसऱ्याच्या कळपात मेंढी मिसळली तरी ओळखू येते. हे योगिनीला चालायला लागल्यापासून ठाऊक होतं.

नशीब असं, की तिचा हनुमानमामा देवगाव रंगारीहून पिकअप घेऊन छावणीच्या बाजारात आलेलाच होता. तिघं मोबाइल घेऊन तिकडे धावले. मामानं फोटो पाहिला आणि हसून हसून त्याचा फेटा सुटायची पाळी आली.

"आरं, ही कसली कोची! लासूरच्या अलीकडं तलाव हाय, त्याच्या काठचं हॉटेल हे. दिवाळीनंतर शेजारच्या रानात मेंढरं बसवली व्हती आम्ही. खत मिळतं म्हणून शेतकरी बोलावतातच की. लई नाठाळ मेंढरं! लग्नाच्या मांडवात घुसली व्हती!"

"फसवणूक!" चिन्मय ओरडला. "चला, काकांना सांगू!"

स्वराली मात्र जागची हलली नाही. सांगितलं की काय होणार, हे तिला दिसतच होतं. बाबा म्हणणार, "बघ, म्हणून म्हणत होतो!" आणि सहल खलास. न सांगावं तर? बाबा फसणार, डोळ्यांदेखत.

तिनं मान वर केली. "सांगायचं. पण पुराव्यानिशी! मामा, तुम्ही त्याच रस्त्यानं जाणार ना?"

आईला विचारून, बाबांचाच मोबाइल घेऊन, तिघं पिकअपमध्ये चढले. हॉटेलच्या फाटकाशी रखवालदारानं अडवलं. "कुठं निघालात रे पोरांनो?"

"समुद्र बघायला!" चिन्मय म्हणाला. रखवालदार डोकं खाजवेपर्यंत तिघं आत!

तीच हिरवळ! त्याच पांढऱ्या खुर्च्या! पण मोबाइलला रेंजच नाही. आणि बाबा आता सत्यमसमोर बसलेही असतील!

"बांधावर चढा!" मामा ओरडला.

धापा टाकत, काट्यांत चपला अडकवत ते तलावाच्या बांधावर पोचले. रेंजची एक काडी आली. स्वरालीनं सत्यमच्या नंबरावर व्हिडिओ कॉल लावला.

"नमस्कार सत्यमदादा! बाबा आहेत ना तिथे? त्यांना सांगा, आम्ही कोचीच्या हॉटेलात पोचलो!"

पडद्यावर बाबांचं तोंड आलं, आ वासलेलं. "कोचीत? अगं, सकाळी तर घरी होतीस!"

"हा बघ सागरकिनारा!" तिनं मोबाइल गर्रकन फिरवला. तलावात म्हशी डुंबत होत्या आणि काठावर त्याच पांढऱ्या खुर्च्या होत्या. "आणि सत्यमदादाकडचा तो फोटो जुळवून बघ!"

तिकडे सत्यमचा चेहरा पडला. "ते काय झालं काका... तिथला फोटो मिळेना. मग माझ्या मावसभावाच्या लग्नातला टाकला. हॉटेल काय, तिथं गेल्यावर बघू म्हटलं..."

"गेल्यावर बघू? लेकरांना घेऊन?" बाबा ताडकन उठले. "रद्द! स्वराली, बघितलंस ना? घरासारखं सुख..."

"बाबा!" तिनं त्यांना मधेच तोडलं. "हॉटेल खोटं निघालं. समुद्र तर खोटा नाही ना!"

योगिनीनं स्वरालीचा हात गच्च पकडला.

"नाही," बाबा हळूच म्हणाले. "समुद्र खरा आहे. आणि मी न बघता हो म्हणत होतो, तेही खरंच. घरी या. आता बेत तुम्हीच करायचा!"

मामानं तिघांना परत छावणीत सोडलं आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी कोचीतल्या हॉटेलांना फोनवर फोन केले. चिन्मयचं इंग्रजी अडखळलं, की योगिनी हिंदीत शिरायची. मागणी एकच : "खिडकी दाखवा. आत्ताच्या आत्ता!" कुणी टाळलं, कुणी फोनच ठेवून दिला.

शेवटी एका हॉटेलातल्या बाई हसल्या आणि त्यांनी मोबाइल खिडकीबाहेर धरला.

राखाडी, हलणारं, न संपणारं पाणी. त्यावरून एक मोठं जहाज अगदी सावकाश चाललं होतं.

आईनं दोघींच्या पाठीवर हात ठेवला. "शाबास गं पोरींनो! आणि चिन्मय, तूसुद्धा!"

बाबा चष्मा पुसत पुढे सरकले. "जेवायचं काय तेवढं विचारा त्यांना," ते म्हणाले. "पिठलं सोडून काहीही चालेल."