येते म्हण

नवीन कॉम्प्युटरला नेट येत नाही असा फोन आला की मी आधी एकच विचारते, वायर नीट खोचलीय का. निम्म्या लोकांची खोचलेली नसते. मग ते ओशाळतात आणि माझं पेट्रोल वाचतं. नागावच्या कुमुदकाकींनी मात्र शांतपणे सांगितलं, "खोचलीय. टक्‌ असा आवाज येईपर्यंत खोचलीय. तू येच."

माझं दुकान अलिबागला. कॅमेरे, कॉम्प्युटर, नेटच्या वायरी, हे माझं काम. शिडी घेऊन मी दारात उभी राहिले की लोक माझ्या मागे बघतात, काम करणारा बाप्या कुठे राहिला म्हणून. याची सवय झालीय, पण राग काही जात नाही. कुमुदकाकींनी तसं पाहिलं नाही. त्यांनी गूळपाणी पुढे केलं आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई तू आलीस. तुझ्याशी मोकळं बोलता येतं."

समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांची वाडी. पुढे घर, मागे पोफळी आणि नारळ, मधे विहीर, आणि अगदी टोकाला एक सुटी खोली. घराच्या वरच्या खोल्या पाहुण्यांना दिलेल्या. शनिवार होता, त्यामुळे मुंबईची ओली, वाळू लागलेली माणसं जिन्यावरून वरखाली करत होती. अंगणात सुपारी वाळत घातलेली. काकींचे यजमान, ज्यांना सगळं गाव भाऊ म्हणतं, ते झोपाळ्यावर बसून येणाऱ्या जाणाऱ्याला सुपारीवर पाय देऊ नका म्हणून सांगत होते. कुणी ऐकत नव्हतं.

त्यांचा मुलगा श्रेयस गेल्या वर्षी चौलच्या वळणावर मोटारसायकलवरून पडून गेला. मला ते माहीत होतं. वाडीतून टोकाच्या खोलीपर्यंत गेलेली वायर त्याने माझ्याच दुकानातून नेली होती आणि माझा सल्ला न विचारता स्वतःच्या हाताने टाकली होती. चांगली टाकली होती, हेही सांगायला हवं.

आता काम होतं ते त्याच्या बायकोचं, वल्लरीचं. मुंबईच्या एका ऑफिसचे हिशेब ती वर्षभर घरून बघत होती. आता ऑफिसने अट घातली, वायरची पक्की लाइन आणि दार बंद होणारी वेगळी खोली दाखवा, नाहीतर सोमवारपासून मुंबईला या. दुपारच्या चहानंतर ऑफिसचा माणूस व्हिडिओवर येऊन सगळं तपासणार होता. काकींनी त्यासाठी नवा कॉम्प्युटर आणला होता.

"लाइन लागली तर ती राहील," काकी म्हणाल्या. "नाही लागली तर जाईल."

वल्लरी तिथेच उभी होती. तिने मान खाली घालून माझी टूलबॅग उचलली आणि वाडीतून पुढे चालू लागली.

खोली स्वच्छ होती. टेबल, दोन खुर्च्या, एक पलंग. पलंगाखाली भरलेली प्रवासी बॅग. कॉम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं, मॉनिटरवरचं प्लास्टिक अजून तसंच. स्क्रीनवर लिहून आलं होतं, नेटवर्क केबल जोडलेली नाही. मी टेबलाखाली वाकले. केबल जोडलेली होती. मागचा बारका दिवा मात्र विझलेला.

मी वायर काढून माझ्या लॅपटॉपला लावली. तिथेही तेच. म्हणजे मशीन बिचारं निर्दोष. घरातल्या राउटरला लॅपटॉप थेट लावून पाहिला, नेट धो धो. म्हणजे दोष मधल्या वायरीत. असल्या कामात मला हेच आवडतं. एकेकाला सोडून देत जायचं, शेवटी एकच उरतो.

वायर तपासायच्या टेस्टरचे दोन भाग असतात. मोठा भाग एका टोकाला लावून चालू करायचा, छोटा दुसऱ्या टोकाला. वायर धड असेल तर छोट्यावर हिरवे दिवे पहिल्यापासून आठव्यापर्यंत एकामागून एक लागतात. खोलीत परतून मी छोटा भाग तिथल्या टोकाला लावला आणि मोठा घेऊन घराकडे जायला वळले.

"हे लागलं," वल्लरी म्हणाली.

छोट्या भागावर दिवे पळत होते. मोठा माझ्या हातात होता, बंद. शिवाय ते उलटे पळत होते. आठवा, सातवा, सहावा, असे पहिल्याकडे.

"स्वस्तातलं आहे," मी म्हटलं आणि तो भाग उपटून बॅगेत टाकला. वल्लरीने काही विचारलं नाही. तिने विचारायला हवं होतं असं मला वाटलं.

मग मी ट्रॅकर काढला. त्याचा एक तुकडा वायरीत बारीक सूर सोडतो, दुसरा हातात धरून चाललं की वायरीजवळ तो किरकिरतो, आणि वायर तुटली असेल तिथे गप्प होतो. सूर सोडणारा तुकडा मी खोलीतल्या टोकाला लावला आणि निघाले. खोलीपासून किरकिर नीट येत होती. एका पोफळीकडून दुसरीकडे, पाटाच्या कडेने, विहिरीपर्यंत. विहिरीच्या अलीकडे पाईप फुटलेला दिसला. आतली वायर तुटली होती. उंदराने कुरतडलेली नव्हे. कोयतीचा एकच घाव, आणि तसाच ताजा घाव मागच्या पोफळीच्या बुंध्यावर. दोन टोकांमध्ये वीतभर अंतर होतं.

किरकिर थांबायला हवी होती. ती थांबली नाही. मी हात घराच्या बाजूला नेला, तर तिथे गप्प. डावीकडे नेला, जिथे वायर नाही, पाईप नाही, नुसती माती आहे, तर तिथे ती मोठी झाली. मी चार पावलं गेले. सूर कुंपणाच्या बेड्यातून, त्या मागच्या फाटकातून, बाहेर जात होता, सुरूच्या बनाकडे. त्या बनापलीकडे गावाचं मसण आहे.

जमीन ओली, हवा खारी, सूर पसरतो कधीकधी. मी ट्रॅकर बंद केला.

"तू कापलीस व्हय ही?" मी वल्लरीला विचारलं. रागाच्या भरात माझी घरची बोली बाहेर येते.

"हो."

"सासूला सांगायचं न्हाय सरळ, मला राहायचं न्हाय म्हणून?"

"सांगितलं. वर्षश्राद्ध झालं त्याच दिवशी सांगितलं. त्या म्हणाल्या, खुशाल जा. फक्त निघताना येते म्हण."

"मग म्हण की. कोण जाते म्हणतं?"

ती विहिरीच्या कठड्याला टेकली. घराकडे पाहत हळू बोलली. "श्रेयस रोज बँकेत कामाला जाताना येतो म्हणायचा. आई दारात उभ्या राहून ये हं म्हणायच्या. एक दिवस चुकला नाही. त्याला नेलं त्या दिवशीही त्या दारातच होत्या. माणसांनी उचललं आणि आईंच्या तोंडून गेलं, ये हं. सगळ्यांनी ऐकलं. भाऊंनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला, पण तोवर म्हणून झालं होतं."

आमच्याकडेही सुतकाच्या घरातून उठताना माणसं न बोलता चपला घालतात. जित्या माणसाला आपण जा म्हणत नाही, आणि गेलेल्याला ये म्हणत नाही. हे कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं.

"सवयीने गेलं असेल," मी म्हटलं.

"सवयीनेच गेलं. तेव्हापासून मी येते म्हणत नाही. भाजीला जातानाही नाही. मला इथून जायचंय, कल्पिता. उद्याची मांडव्याची बोट आहे. तू फक्त सांग, लाइन होत नाही."

होणारं काम होत नाही असं सांगणं माझ्या जिवावर येतं. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पक्कड काढली. तुटलेल्या वायरीचा आणखी हातभर तुकडा मी कापून घेतला, म्हणजे कुणाला नुसती गाठ मारून जोडता येऊ नये. तुकडा बॅगेत टाकला. वल्लरी पहिल्यांदाच हसली. हसल्यावर ती फार लहान दिसत होती.

काकी मागच्या पडवीत चहा गाळत होत्या.

"उंदरांनी वायर खाल्लीय, काकी. सगळी नवीन टाकावी लागेल. आठवड्याच्या आत न्हाय व्हायचं."

"असं?" त्या म्हणाल्या. माझ्या हातात कप दिला. "मग तिला सोमवारी जावंच लागेल."

त्यांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. मला हायसं वाटलं. उगाच एका म्हाताऱ्या बाईबद्दल भलतंसलतं ऐकून घेतलं, असंही वाटलं.

चहा संपवून मी ट्रॅकरचा तुकडा आणायला खोलीकडे गेले. वल्लरी पुढे होती, काकी मागून आल्या. उंबऱ्याशीच वल्लरी थांबली.

टेबलाखाली हिरवा दिवा लागला होता. स्थिर. वायर कॉम्प्युटरला खोचलेली होती. तिच्या टोकाला मी ट्रॅकरचा तुकडा लावून ठेवला होता, हे मला चांगलं आठवत होतं.

स्क्रीनवर ऑफिसचा कॉल वाजत होता.

"उचल," काकी म्हणाल्या.

वल्लरी खुर्चीवर बसली. दुसरी खुर्ची तिच्या मागे भिंतीला लागून होती, रिकामी. मी दाराशी, काकी माझ्या शेजारी. कॅमेऱ्यात आम्ही दोघी येत नव्हतो. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मला वल्लरी दिसत होती आणि तिच्या मागची भिंत. आणखी काहीही नाही.

"हितेश बोलतोय. हां, लाइन मस्त आहे मॅडम. एकदम स्टेबल. घरून करा काम, माझ्याकडून ओके," तो माणूस म्हणाला. मग जरा थांबला. "फक्त ते मागे बसलेत ना, त्या सरांना बाहेर पाठवा. रूममध्ये एकच माणूस चालतो."

वल्लरीने मागे वळून पाहिलं नाही. तिचे दोन्ही हात टेबलावर होते, ते तिथेच राहिले.

"बसू दे त्याला," काकी हळूच म्हणाल्या. "आत्ताच आलाय."

मी बॅगेत हात घातला. कापलेला तुकडा माझ्या मुठीत आला. मला भीती वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती.

वल्लरीने कॉल तोडला. उठली. पलंगाखालून बॅग ओढली आणि दाराशी आली. काकी बाजूला झाल्या नाहीत.

"जाऊ द्या मला, आई."

"जा ना. मी कुठे अडवतेय?" त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "येते म्हण आणि जा."

"नाही."

"घरातून निघताना असं करू नये बाळ. येते म्हण."

मागची खुर्ची वाजली. माणूस उठताना वाजते तशी.

"येते," वल्लरी म्हणाली.

टेबलाखालचा दिवा विझला. स्क्रीनवर पुन्हा तेच आलं, नेटवर्क केबल जोडलेली नाही. काकी बाजूला झाल्या.

मी तिला स्कूटरवर घेतलं. उद्यापर्यंत थांबायचं नाव तिने काढलं नाही. अंगणातून निघताना भाऊ झोपाळ्यावर मान खाली घालून बसले होते. आमच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. काकी दारात आल्या होत्या. मला लवकर फाटकाबाहेर पडायचं होतं, डोक्यात दुसरं काहीच नव्हतं, आणि स्कूटर चालू करता करता जे रोज प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात म्हणते ते मी म्हणाले.

"येते हं, काकी."

"ये हं," त्या म्हणाल्या.

मांडव्याला शेवटची बोट मिळाली. वल्लरी वरच्या डेकवर चढली, बोट सुटली तरी तिने हात केला नाही. पण गेली. मला वाटलं, सुटली.

नंतर तिचा एक मेसेज आला, काम सुरू झालं म्हणून. मी आनंदाने दोन पाव जास्तीचे खाल्ले. पुढे पंधरवडा गेला असेल. दुकानात ऊन आत आलं होतं, मी एक कॅमेरा उघडून बसले होते. फोन वाजला.

"कल्पिता, कुमुदकाकी बोलतेय. अजून एक लाइन टाकायचीय. त्याच खोलीत."

"वल्लरी परत आली?"

"आज सकाळी आणली. ऑफिसात काम करता करताच गेली म्हणे, खुर्चीतच. तिच्या माहेरचं कुणी उरलं नाही ना, मग इथेच आणायला सांगितली. आत्ताच नेलं तिला."

मागे माणसांचा आवाज येत होता. कुणीतरी अंगणात पाणी ओतत होतं.

"दारातून निघाली तेव्हा म्हटलं मी तिला, ये हं," काकी म्हणाल्या. "या वेळी लक्षात ठेवून म्हटलं. पण एका मशीनवर दोघांचं कसं भागायचं? म्हणून तुला फोन केला."

"मला न्हाय जमणार, काकी. दुसऱ्या कुणाला तरी सांगा."

"दुसऱ्याला कशाला?" त्यांच्या आवाजात जराही राग नव्हता. "तू येते म्हणून गेलीयेस."

मी फोन ठेवला. टूलबॅग बाकावर उघडी पडली होती. तिच्या तळाशी टेस्टरचा छोटा भाग, कशालाही न जोडलेला. त्यावर हिरवे दिवे लागत होते, एकेक करून, आठव्याकडून पहिल्याकडे.