यादीतलं सव्विसावं नाव

ही घटना खरी आहे. मी तेव्हा गावात नव्हतो. पण पुढे सतरा जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. सतराही जणांनी एकच सांगितलं.

१८०७ सालची ४ जुलै. अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं आमचं वेल्टन गाव. दुपारचे दोन वाजले होते.

जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी आत्या, मेहिटेबल. गाव तिला हिटी म्हणतं.

दर चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी, आमच्या सभाघरात हजेरी होते. इंग्लंडच्या राजाविरुद्ध लढायला गेलेल्या तुकडीची जुनी यादी कारकून वाचतो. जिवंत असेल तो उठून "हजर" म्हणतो. मेलेल्याच्या नावाला ढोलावर एक टोला पडतो.

सव्विसावं नाव लेम्युएल स्टॉडर्ड. दोन गिरण्यांचा मालक.

तो लढाईला गेलाच नव्हता.

सैन्यासाठी चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली, तेव्हा त्याने एक दुभती गाय देऊन आत्याचा धाकटा भाऊ ओबेड याला बदली धाडलं. कायद्याची तशी मुभा होती. ओबेड एकोणीस वर्षांचा. कप्तानाने यादीतलं नाव बदलायची तसदी घेतली नाही. त्यामुळे छावणीत रोज सकाळी ओबेड "लेम्युएल स्टॉडर्ड" या नावाला ओ द्यायचा. त्याच हिवाळ्यात तापाने गेला. कुठे पुरला, कुणालाच ठाऊक नाही.

स्टॉडर्डने घरात बसून स्वातंत्र्य मिळवलं. कप्तान जिवंत होता तोवर गप्प राहिला. कप्तान वारल्यावर सव्विसाव्या नावाला उठून "हजर" म्हणू लागला. मग भाषणंही आली. राजे लोक दुसऱ्याच्या रक्तावर कसे जगतात, हा त्याचा आवडता विषय. आयत्या बिळावर नागोबा. आणि सगळं गाव त्याच्याच गिरणीत दळायचं, म्हणून कुणी चकार शब्द काढत नव्हतं. राजाला न घाबरलेली माणसं ही!

त्या वर्षी यादीतली नावं दगडावर कोरायची ठरली. हजेरी संपली की यादी पाथरवटाकडे जाणार होती.

म्हणजे ओबेडचं नाव जगात कुठेच उरणार नव्हतं.

आत्या सकाळीच स्टॉडर्डच्या दारात गेली. तो न्याहारीला बसला होता. तुमचं नाव काढून माझ्या भावाचं घाला, एवढंच तिने मागितलं.

"हिटी, गाय दिली होती की नाही?" तो खाता खाता म्हणाला. "मग? व्यवहार पुरा झाला."

"त्या गाईलासुद्धा तिचं स्वतःचं नाव होतं, स्टॉडर्डसाहेब."

दुपारी हजेरी सुरू झाली. चोविसावं नाव... ढोल. पंचविसावं... ढोल.

"लेम्युएल स्टॉडर्ड," कारकुनाने पुकारलं.

स्टॉडर्ड उठला. कोट सारखा केला. तोंड उघडलं...

"हजर."

आवाज त्याचा नव्हता.

तरुण आवाज. घसा बसलेला. वरच्या सज्ज्यातून आला होता.

सगळ्यांनी माना वर केल्या. सज्जा रिकामा होता.

कुणी थट्टा करू नये, असं बजावून कारकुनाने पुन्हा पुकारलं.

"हजर."

या वेळी खालून... बाकांच्या मधून.

स्टॉडर्डचे ओठ हलत होते. आवाज फुटत नव्हता.

आत्याने तो आवाज ओळखला. ती उभी राहिली. "म्हणा, तिथे ओबेड होता. एवढंच म्हणा."

स्टॉडर्डने तिच्याकडे पाहिलं. मग जमलेल्या गावाकडे पाहिलं. कारकुनाच्या हातातली यादी ओढली आणि स्वतः जाऊन पाथरवटाच्या हातात दिली.

कुणीही अडवलं नाही. बाहेर रमचं पिंप ठेवलं होतं, स्टॉडर्डच्या खर्चाने. गाव गेलं आणि प्यालं.

तीन दिवसांनी सव्विसावं नाव कोरून झालं. आत्या सकाळी दगडापाशी गेली. लख्ख ऊन. आसपास चिटपाखरू नाही.

"ओबेड," तिने हाक मारली.

काहीच नाही.

पुन्हा मारली. लहानपणी जेवायला बोलवायची, तशी लांबवून.

नुसत्या माशा घोंगावत होत्या.

दुसरं नाव तिला तोंडात घ्यायचं नव्हतं. तरी घेतलं. अगदी हळू.

"लेम्युएल स्टॉडर्ड..."

"हजर."

कानाशी. श्वास लागावा इतक्या जवळ.

आत्या त्यानंतर सभाघराच्या वाटेला गेली नाही. मी तिला एकदा विचारलं, घाबरायचं कशाला, तो तर आपलाच होता.

ती म्हणाली, "ते त्याला ठाऊक आहे का?"

माझी वाट रोज त्या दगडावरून जाते. सव्विसावं नाव मी मनातसुद्धा वाचत नाही.