उपवासकाळातली नजर

“नजर खाली घालू नकोस, पोरी. इथे खाली घातलेली नजर म्हणजे नकार.” नाचघर चालवणाऱ्या कासिल्दाबाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

तापाच्या साथीत आमच्या सान तेल्मो वस्तीतले श्रीमंत लोक हवेल्या टाकून पळाले, आणि मागाहून तिथे चित्रकार, नट, वादक येऊन राहिले. एका खोलीत तिघं, तिघांत मिळून एक कोट. अशाच एका हवेलीत बाईंचं नाचघर. तिथली रीत अशी: पुरुष दुरून एखादीकडे नजर रोखतो, मान किंचित हलवतो. तिनंही मान हलवली की नाच. तिनं नजर वळवली, तर तो तिला पुन्हा विचारत नाही.

त्या रविवारी मी शिवलेला पडदा पोचवायला गेले, आणि बाहेर पाऊस भुरभुरायला लागला म्हणून टेकले. समोरच्या भिंतीशी एवारिस्तो उभा होता. कठपुतळ्या रंगवायचा तो. बोटं कायम निळी. त्यानं पाहिलं... मान हलवली.

मलाही नाचायचं होतं. पण ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ चालू होता, आणि ईस्टरपर्यंत नाचणार नाही असं मी देवाला बोलले होते. मी नजर खाली घातली. वाटलं, येऊन कारण विचारेल. कुणी विचारत नाही हे ठाऊक असूनही वाटलं.

पुढे बरेच दिवस तो दिसला नाही. मग बाजारात गाठ पडली. त्याच्या काखेत एक राजकन्या होती, लाकडाची.

“हीसुद्धा माझ्याकडे बघत नाही,” तो म्हणाला. “तुझी मैत्रीण का?”

“तिचं व्रत असेल.”

“कसलं व्रत?”

“ईस्टरपर्यंत नाच नाही.”

तो हसला... मग हसू विरून गेलं. “एवढं सांगायचं तरी, नेलिदा.”

“तू विचारायचं होतंस.”

“म्हणजे बाईंनी मला कान धरून बाहेर काढलं असतं.” त्यानं राजकन्येचे केस नीट केले. “उद्या बोटीनं नदीपलीकडे माँटेव्हिडिओला निघतोय. तिथल्या नाटकमंडळीला तीन वर्षांचा शब्द दिलाय. वाटलं, इथे आपल्यासाठी कोण आहे...”

“मी होते,” मी हळूच म्हणाले. “मी थांबेन—”

“नको. तू व्रतं फार मनापासून पाळतेस. माझंही व्रत धरशील आणि भिंतीशी बसून राहशील. ईस्टरला नाच. कुणाहीबरोबर. वचन दे.”

मी दिलं. द्यायला नको होतं, असं तेव्हापासून रोज वाटतं.

आज ईस्टरची प्रार्थना झाली. त्याच्या नावाची मेणबत्ती लावली. घरी येऊन नाचाचे बूट कापडात गुंडाळले, आईला “येते गं” म्हटलं, आणि नाचघराच्या गल्लीकडे वळले.