पिकअपचं पाणी कुठं गेलं?

गाडीखाली रात्रभर अंथरलेला पुठ्ठा सकाळी कोरडाच होता. रुंजीनं तो उलटा करून पाहिला, उन्हाकडे धरून पाहिला, नाकाला लावून हुंगलासुद्धा. थेंब नाही की डाग नाही. आणि बॉनेट उघडावं तर कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या रंगीत द्रावणाच्या) डब्यातली पातळी पुन्हा खाली गेलेली. सांडलं नाही, तर गेलं कुठं? भूत येऊन पितं म्हणावं, तर भुतालाही काही चव असेल की.

पिकअप तिच्या बाबांची, दिगंबर ताथोडांची. खारपाणपट्ट्यात त्यांचं गाव. तिथं बोअरला पाणी लागतं, पण तोंडात धरवत नाही. बाबा या गाडीवर टाकी बांधून लांबून गोडं पाणी आणत आणि वस्त्यावस्त्यांवर वाटत. शहरांत एव्हाना सगळ्या गाड्या विजेवर धावत होत्या, यंत्रमानव दारोदार दुरुस्त्या करत फिरत होते. पण पावसाळ्यात इथल्या काळ्या चिखलातून टाकी ओढावी ती या जुन्या डिझेल गाडीनंच. दिवाळीच्या आधी बाबा गेले. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आता गाडी आई चालवायची, आणि हिशेब, हुकूम आणि तोंड आजी चालवायच्या.

महिन्याभरात गाडी दोनदा भर रस्त्यात तापून बंद पडली. वस्त्यांवरची माणसं रिकामे हंडे घेऊन वाट बघत राहिली. कौसाबाई, म्हणजे आजी, तोडून टाकायला कधी मागेपुढे बघत नसत. त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला. आज गळती सापडली तर ठीक, नाही तर उद्या येऊन गाडी घेऊन जा. ड्रायव्हरच्या सीटला बाबांच्या बसण्यानं पडलेला खड्डा अजून तसाच होता. त्यात रुंजी रोज शाळेतून आल्यावर जाऊन बसायची. उद्यापासून कुठं बसायचं, हे कोणाला विचारायचं असतं ते तिला ठाऊक नव्हतं.

तालुक्याच्या गॅरेजातून यंत्रमानव आला. उंचीला रुंजीएवढाच, पण तोंडाच्या जागी लांब नळी. त्या नळीनं तो वाफ, धूर, तेल हुंगून आत काय काय आहे ते ओळखायचा. आजीनं आल्याआल्या त्याचं नाव हुंग्या ठेवून टाकलं.

"नाक त मोठं हाय तुहं," त्या म्हणाल्या. "अक्कल किती हाय ते पाहू."

"नाक अकलेपेक्षा महाग आहे, आजी," हुंग्या म्हणाला आणि कामाला लागला.

आधी त्यानं इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री केली. तापलेल्या गाडीचं रेडिएटरचं झाकण कधी उघडायचं नाही, हे त्यानं रुंजीला बजावलं. आतलं पाणी दाबाखाली असतं, उकळायच्या पलीकडे तापलेलं असतं आणि वाट मिळताच तोंडावर उसळतं. मग झाकण काढून रेडिएटरच्या तोंडाला त्यानं हवेचा पंप बसवला आणि आत हवा भरली. पंपाच्या तबकडीवरचा काटा चढला, थांबला आणि हळूहळू उतरायला लागला. म्हणजे भोक होतं. पण पाइप कोरडे, जोड कोरडे, जमीन कोरडी.

रुंजीनं विचारलं, पाणी नाहीसं होतं का? हुंग्या म्हणाला, नाहीसं काहीच होत नसतं. एक तर ते जागा बदलतं, नाही तर रूप. बाहेर आलं नाही, तर आत गेलं. आता आतल्या वाटा एकेक करून बघायच्या.

एक वाट इंजिनाच्या तेलात जाते. रुंजीनं तेल मोजायची पट्टी ओढून काढली. पाणी मिसळलं असतं तर तेल दुधाळ चहासारखं दिसलं असतं. ते काळंभोर होतं. दुसरी वाट हिवाळ्यात केबिन उबदार करणाऱ्या यंत्राकडे जाते, पण पायाखालची चटई ठणठणीत कोरडी होती. उरली धुराची वाट.

हुंग्यानं डब्यात थोडा रंग ओतला. हा रंग एरवी दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली हिरवा चमकतो. आईनं गाडी गावाबाहेर फिरवून आणली. मग हुंग्यानं आजीच्या स्वयंपाकघरातलं स्टीलचं ताट सायलेन्सरसमोर धरलं. पांढरा धूर त्यावर आदळला आणि बारीक थेंब जमले.

"सापडलं," रुंजी म्हणाली.

हुंग्यानं तिला थांबवलं. डिझेल जळतानाही थोडी वाफ होतेच, नुसत्या थेंबांवर चोर धरायचा नाही. त्यानं जांभळा दिवा लावला. ताटभर हिरवे ठिपके चमकले. कूलंट आत गळत होतं, तिथल्या उष्णतेनं त्याची वाफ होत होती, आणि ती वाफ सगळ्यांच्या डोळ्यांदेखत धुराबरोबर निघून जात होती. आजीनं ताट परत घेतलं आणि आता यात जेवणार कोण, तुहा बाप, असं यंत्राला विचारून घेतलं.

पुढचं सोपं होतं. इंजिनाच्या बगलेला धूर गार करणारी पेटी असते (थोडा धूर परत इंजिनात सोडायचा, म्हणजे विषारी वायू कमी होतात; पण आधी तो गार करावा लागतो). पेटीत पातळ नळ्या. नळ्यांच्या आतून धूर वाहतो, बाहेरून कूलंट. हुंग्यानं पेटी सोडवली, कापली आणि उघडून दाखवली. नळ्या खाल्ल्यासारख्या झाल्या होत्या. एकीला चीर होती, आणि सगळ्यांवर पांढरा, खडबडीत थर.

हुंग्यानं आपल्या नाकाची नळी थराला लावली. "हे मीठ आहे. कूलंटमध्ये लोखंडाला जपणारी औषधं असतात. खारं पाणी घातलं की ती पातळ होतात आणि क्षार धातू कुरतडायला लागतात. यात बोअरचं पाणी कोण घालतं?"

रोज सकाळी, सगळ्यांच्या आधी उठून, रुंजी बोअरच्या नळाचा एक मग गाडीत ओतायची. बाबा ओतायचे तसाच. गाडीला पाणी पाजल्याशिवाय बाबा चहाला शिवत नसत. टाकीतलं गोडं पाणी पाठीशीच असायचं, पण ते लोकांचं. त्यातला घोटसुद्धा गाडीसाठी घ्यायचा नाही, हा त्यांचा नेम. बाबा गेल्यावर तिनं कोणाला न सांगता तो चालवला होता. गाडी तहानलेली राहू नये म्हणून.

"मीच मारली तिला," ती म्हणाली.

"चूक," हुंग्या म्हणाला. त्याला गोंजारून बोलता येत नसे, आणि त्या दिवशी तेच बरं झालं. थरावर थर होते, त्यानं मोजून सांगितलं, कितीतरी वर्षांचे. तिचा सगळ्यात वरचा, सगळ्यात पातळ. खालचे सगळे बाबांच्या हातचे. आणि गाडी काही बैल नाही, तिला तहान लागत नाही. कूलंटची वाट बंद असते, तेच द्रावण फिरत राहतं. सारखं भरावं लागलं, तर भरत बसायचं नाही, कुठं जातं ते शोधायचं.

नवी पेटी तालुक्याला मिळत होती. ती बसवून आतली वाट धुऊन काढली की गाडी धावणार होती. भंगारवाल्याला नको म्हणून सांगितलं. रुंजीला हसू यायला हवं होतं. पण आजी उंबऱ्यावर बसून ती कापलेली नळी बोटानं खरवडत होत्या.

"दिगू वस्त्याईवर काय पेयाचा वं?" त्यांनी सुनेला विचारलं.

आई म्हणाली, "बोअरचंच. टाकी लोकाईची हाय म्हणे. मी भांडली, आयकलं नाही."

आजीनं हुंग्याकडे पाहिलं. तो म्हणाला, माणूस मला तपासता येत नाही, ते डॉक्टरांना विचारा. आजी म्हणाल्या, इचारलं होतं, पाण्याचाही हात असू शकते म्हणला होता. तेव्हा त्या डॉक्टरवरच ओरडल्या होत्या. आज ओरडल्या नाहीत. पदर तोंडाला लावला आणि तशाच बसून राहिल्या. रुंजी त्यांच्या मांडीला टेकून बसली. तिला कळलं, काही गळत्या गाडीखाली पुठ्ठा अंथरून सापडत नाहीत. आतल्या आत होतात, आणि माणूस हसतमुखानं हंडे भरत राहतो.

हुंग्यानं जाताना रुंजीला पाण्यातला खार मोजणारी काडी दिली. गाडी दुरुस्त झाल्यावर पहिल्याच फेरीला ती आईबरोबर गेली. गोडं पाणी भरून आणल्यावर वस्त्यांकडे निघण्याआधी आजीनं टाकीची तोटी सोडून तांब्या भरला आणि आईच्या हातात दिला. आईनं तो उभ्याउभ्याच संपवला. डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. धूर साफ होता.

पहिल्या वस्तीवर एक म्हातारी हंडा घेऊन आली. रुंजीनं तिच्याकडून वस्तीवरच्या हातपंपाचं पाणी मागून घेतलं आणि त्यात काडी बुडवली. आकडा झरझर चढला.

"हे तुमच्या घरात कोण पितं?" तिनं विचारलं.

"कोनी नाही वं. पोरंसोरं तुमचंच पेतात," म्हातारी म्हणाली. "माहा लेक तेवढा वावरात नेते. त्याले चालते म्हणते."

रुंजीनं टाकीखालची रिकामी बाटली घेतली आणि तोटीखाली धरली.

"त्यांना बोलवा," ती म्हणाली. "मला त्यांच्याशी बोलायचंय."