देवाच्या मुठीतली बाजरी

शनिवारची शाळा सुटायला अर्धा तास होता. इंदिराबाई फळ्यावर फुलाचा उभा छेद काढत होत्या. तेवढ्यात दारात पाळक जीवराम येऊन उभे राहिले. डोक्यावर टोपी नव्हती.

"इंदिराबाई, तुमचं ते भिंग घ्या आणि चला. अकबरीच्या घरात विष सापडलं."

"कसलं विष?"

"ते तुम्ही सांगायचं. फौजदार थांबलेत. वनस्पतिशास्त्र शिकलेलं देवपुरात दुसरं कोण आहे?"

वच्छलाबाई शुक्रवारी पहाटे गेल्या होत्या. वय बहात्तर. देवपूरच्या ख्रिस्ती मंडळीतल्या सगळ्यांत जुन्या सभासद. प्लेगच्या साली लोक घरं सोडून पळाले, तेव्हा याच बाईनं पांझरेचं पाणी डोक्यावर आणून परक्या आजाऱ्यांना पाजलं होतं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. घरात एकट्या.

बुधवारपासून त्या बरळत होत्या. डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा तोंडाला कोरड, अंग तापलेलं, बाहुल्या फाकलेल्या. आणि दोन्ही हातांनी त्या गोधडीवरून काहीतरी वेचत होत्या. गोधडीवर काहीच नव्हतं.

डॉक्टर म्हणाले होते, "धोतरा. कुणीतरी चारलाय."

अकबरीचं घर वच्छलाबाईंच्या घराला लागूनच. ती पिंजाऱ्याची विधवा. घरात अंथरुणाला खिळलेली सासू, सितारा. अकबरी भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. फौजदार मगनराव बाजेवर होते. त्यांच्यासमोर एका चिंधीची पुरचुंडी.

इंदिराबाईंनी ती कागदावर मोकळी केली. भिंग लावलं.

"धोतऱ्याच्याच बिया."

"संपलं तर मग," फौजदार उठले. "सोमवारी कोर्टात उभी करतो. फासाचं काम आहे."

"थांबा." इंदिराबाई काडीनं कागदावर वाटे करत होत्या. धोतऱ्याच्या बिया एकशे चौदा. बारीक खडे चाळीस. उंदराच्या लेंड्या. मातीची ढेकळं. रानगवताचं बी. "मगनराव, विष जमवणारी बाई त्यात खडे कशाला ठेवेल?"

"तिलाच विचारा. आमच्यापुढं मुकी झालीय."

"अकबरी, हे कुठून आलं?"

अकबरीनं मान वर केली नाही. "मी काही नही टाकं, बाई. आक्का मन्ही माय व्हती." वच्छलाबाईंना ती आक्का म्हणायची.

"मग हे कुठून आलं ते सांग."

"ज्यास्नी बाजरी खाधी, त्यास्नं नाव कशी लेऊ?"

एवढंच. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. आतून सिताराचा खोकला ऐकू येत राहिला.

"झडती कुणाच्या सांगण्यावरून घेतली?" इंदिराबाईंनी विचारलं.

"प्रमिलाबाईंच्या. कोनाड्यात दिव्यामागं पुरचुंडी आहे म्हणाल्या. गेलो तर तिथंच."

इंदिराबाईंनी बाहेर येऊन वच्छलाबाईंच्या घराची कडी काढली. जात्याजवळ टोपलीत शेरभर बाजरी उरली होती. त्यांनी ओंजळभर घेतली, रुमालात बांधली आणि पांझरेच्या काठाकाठानं प्रमिलाबाईंच्या घराकडं निघाल्या.

देवपूरच्या मंडळीत एक जुनी रीत होती. दळायला बसण्याआधी बाईनं एक मूठ धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचं. ती देवाची मूठ. रविवारी बत्तीस घरांची मडकी देवळात, म्हणजे मंडळीच्या चर्चमध्ये, यायची आणि एका मोठ्या पेटीत रिकामी व्हायची. सोमवारी ते धान्य सात घरांना वाटलं जायचं. विधवा, आजारी, आणि मंडळीबाहेरचीही दोन घरं. त्यांतलं एक अकबरीचं. वच्छलाबाईंचं घरही या सातांतच. धुळ्यात या रितीचं कौतुक होतं. एका पाहुण्या साहेबानं तिच्यावर विलायतेतल्या मासिकात लेखही लिहिला होता. तो देवळात चौकटीत लावलेला होता.

प्रमिलाबाई मंडळीच्या भेटकरीण. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन हवं नको पाहणं हे त्यांचं काम. त्या ओसरीवर सूप घेऊन बाजरी निवडत होत्या.

"बस गं इंदिरा. वाईट झालं. मी तर दोन दिवस जेवले नाही."

"अक्का, वच्छलाबाईंकडं शेवटच्या कधी गेला होतात?"

"मंगळवारी. दर मंगळवारी जाते."

"त्यांचं धान्य कोण निवडायचं?"

"आता मीच. सोमवारी बाजरी मिळते, मंगळवारी मी निवडून देते. दळायची मात्र तीच. हाताला सवय होती."

"या मंगळवारी निवडलंत?"

"निवडलं की! चांगली तासभर बसले. पाठ भरून आली."

"आणि आधी?"

"आधी ती पिंजारीण निवडायची. तीन आठवडे झाले, मी बंद केलं. म्हटलं, या घरात पाय टाकलास तर तुझीही बाजरी बंद. मरणाच्या वाटेवरची म्हातारी, तिच्या कानात ती काय काय भरवत असेल? त्याचाच डूख धरला तिनं. आणि बाजरी आपलीच खाते हं! उपकाराची जाण नाही."

"तिच्या घरी कधी गेला होतात?"

"मी? तिच्या उंबऱ्याला पाय लावणारी बाई नाही मी."

प्रमिलाबाईंनी सूप तिरपं करून थोपटलं. स्वच्छ बाजरी टोपलीत गेली. सुपाच्या कडेला जे उरलं ते त्यांनी मुठीत धरलं, चुलीमागच्या मडक्यात टाकलं आणि हात जोडले. मडक्यावर चुन्यानं क्रूस काढलेला होता.

इंदिराबाई ते बघत होत्या. मग त्या उठल्या.

संध्याकाळपर्यंत त्यांनी उरलेली पाच घरं पालथी घातली. कुणी मेलं नव्हतं. चिंधाच्या सुनेला पंधरा दिवसांपूर्वी चक्कर आली होती, एवढंच.

"बाजरी कशी असते गं?" त्यांनी तिला विचारलं.

ती हसली. "देवाच्या मुठीला दोनदा निवडावं लागतं, बाई. घरच्याला एकदा."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

"फुकटच्या धान्याला नाव ठेवू? काहीतरीच."

शेवटी त्या पाळकांकडं गेल्या.

"पाळकसाहेब, वच्छलाबाईंनी तुमच्याकडं काही तक्रार केली होती?"

"तक्रार कसली! सोशिक बाई. मागच्या रविवारी म्हणाली खरी, भाकर कडू लागते म्हणून."

"तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, म्हातारपणी जिभेची चव जाते. मिळतं त्याबद्दल आभार मान." पाळकांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले.

"उद्या मडकी पेटीत रिकामी करू नका. आणि फौजदारांना उपासनेला बोलवा. अकबरीला घेऊन."

"देवळात? पोलीस?"

"नाहीतर मी सोमवारी कोर्टात बोलेन. तिथं बाहेरचे लोक असतील."

रविवारी शेवटचं गीत संपलं. बत्तीस मडकी वेदीपुढं ओळीत होती. अकबरी मागच्या दाराशी शिपायाजवळ उभी होती. इंदिराबाईंनी पुढं पांढरी चादर अंथरली.

"हे पहिलं मडकं माझं आहे," त्या म्हणाल्या आणि ते चादरीवर उपडं केलं. मग शेजारचं. मग तिसरं. प्रत्येकाचा ढीग वेगळा. बाकांवर कुजबुज सुरू झाली आणि थांबली.

"मगनराव, जवळ या. काय दिसतं?"

फौजदार वाकले. "खडे. कोंडा. लेंड्या. आणि…" त्यांनी एक चपटं, पिवळट तपकिरी बी चिमटीत धरलं.

"धोतरा. यंदा पीक विरळ होतं, शेतात धोतरा माजला. कापणीत, मळणीत त्याचं बी बाजरीत आलं. प्रत्येक घरात थोडं थोडं. आपण ते निवडतो. निवडलेलं सुपाच्या कडेला राहतं. त्यात चार दाणे बाजरीचे असतात म्हणून फेकवत नाही. आणि देवाचं मडकं हाताशी असतं."

इंदिराबाईंनी स्वतःच्या ढिगातला एक खडा उचलला.

"मूठ निवडलेल्या धान्यातून द्यायची, अशी रीत होती. आपण निवडून काढलेलं देत आलो. माझ्या घरी स्वयंपाकीण दळते. मी कधी मडक्यात डोकावले नाही. एका घराच्या मुठीनं कुणी मरत नाही. बत्तीस घरांची घाण एका पेटीत आली म्हणजे शेरामागं दीडशे बिया होतात. मी काल मोजल्या."

"मग बाकीची सहा घरं कशी वाचली?" फौजदारांनी विचारलं.

"ती बघू शकतात. निवडून घेतात. वच्छलाबाईंना दिसत नव्हतं. त्यांच्या बोटांना खडा कळायचा, बी कळायचं नाही. त्यांच्यासाठी अकबरी निवडायची. चिंधीत जे आहे ते तिनं वच्छलाबाईंच्या ताटातून काढलेलं आहे. या चादरीवरच्या ढिगात आणि त्या चिंधीत एकाही जिनसेचा फरक नाही. विष घालायला जमवलं असतं तर नुसत्या बिया असत्या."

"आणि तिला बंद केल्यावर?"

"ते काम प्रमिलाअक्कांनी घेतलं." इंदिराबाईंनी रुमाल सोडला. "ही वच्छलाबाईंच्या टोपलीतली बाजरी. अक्का सांगतात, मंगळवारी तासभर बसून निवडली. हिच्यात खडे जसेच्या तसे आहेत."

प्रमिलाबाई उभ्या राहिल्या. "थंडी होती. नाताळाचं गाणं बसवायचं होतं. एखादा मंगळवार चुकला म्हणून काय खुनी ठरवतेस मला?"

"किती मंगळवार चुकले?"

प्रमिलाबाई पुन्हा बाकावर बसल्या.

"अक्का, विसरणं मी समजू शकते. एकच सांगा. अकबरीच्या कोनाड्यात, दिव्यामागं, धोतऱ्याची पुरचुंडी आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही तर तिचा उंबरा ओलांडत नाही."

इंदिराबाई चादरीला वळसा घालून पुढच्या बाकाशी आल्या.

"वच्छलाबाईंच्या घरून तो कोनाडा दिसत नाही. मी उभं राहून पाहिलं. म्हणजे कुणीतरी सांगितलं. अकबरी, आता तू नाव घेऊ नकोस. नुसती मान हलव. पुरचुंडी तू प्रमिलाबाईंना दाखवायला नेली होतीस?"

अकबरीनं मान हलवली. मग हळूच म्हणाली, "दखाडी. म्हंतं, आक्काले असं दिऊ नका. त्या म्हंन्यात फेकी दे. मी म्हंतं, नही, घरमा दिवामांगे ठेवसू. पाळकबाबाले दखाडसू."

"आणि त्याच दिवशी तुला त्या घरी जायला बंदी झाली."

"हां."

इंदिराबाई फौजदारांकडं वळल्या. "म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी मंडळीत एका माणसाला माहीत होतं की या धान्यात विष आहे. ते बाहेर आलं असतं तर मंडळीची अब्रू गेली असती. भिंतीवरचा तो लेख उतरवावा लागला असता. म्हणून निवडणारी बाई हटवली. निवडायचं काम आपल्याकडं घेतलं आणि केलं नाही. म्हातारी गेली, तेव्हा तीच चिंधी दाखवून दिली."

"ती मरावी असं मला वाटलं नव्हतं," प्रमिलाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता. "मंडळीचं नाव… मी मंडळीसाठी केलं."

"हो," इंदिराबाई म्हणाल्या. "वच्छलाबाईही मंडळीच होत्या."

फौजदारांनी शिपायाला खूण केली. त्यानं अकबरीचा हात सोडला. मग मिशीवरून बोट फिरवत ते पाळकांकडं वळले.

"प्रमिलाबाईंवर लावायला माझ्याकडं कलम नाही. धान्य निवडलं नाही, हा गुन्हा कुठल्या पुस्तकात आहे? खोटी खबर दिली म्हणावं, तर चिंधी खरीच निघाली. अपघात लिहितो."

"लिहा," पाळक घाईनं म्हणाले. मग ते बाकांकडं वळले. "बंधुभगिनींनो, हे देवळाबाहेर जायला नको. आपण प्रार्थना करू."

सगळ्यांनी डोळे मिटले. अकबरी मागच्या दारानं निघून गेली. तिला थांब कुणी म्हटलं नाही, माफ कर असंही कुणी म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यातल्या सोमवारी मंडळीची बाजरी पोचवायला इंदिराबाई स्वतः गेल्या. बत्तीस मडक्यांत एक खडा निघाला नव्हता. भिंतीवरचा लेख मात्र होता तिथंच होता. शेजारच्या घराला कुलूप लागलं होतं.

अकबरीनं बाजरी सुपात घेतली आणि उजेडाकडं तोंड करून निवडू लागली.

"साफ आहे, अकबरी. मी पाहिलीय."

ती थांबली नाही. दाणा दाणा बाजूला सारत तिनं सगळं सूप एकदा निवडलं. काही निघालं नाही. मग उलट्या बाजूनं पुन्हा निवडलं. आत सितारा खायला मागत होती.

"साफ शे," अकबरी शेवटी म्हणाली. "आक्का मरी गई, तवय साफ व्हयनी."

तिनं मूठभर बाजरी जात्यात टाकली आणि खुंटा धरला.